उपमेची तबकडी

२४ जून १९४७ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, माउंट रेनियर पर्वताजवळ, अतिवेगाने जाणाऱ्या नऊ वस्तू पाहिल्याचे केनेथ अर्नोल्ड या वैमानिकाने सांगितले. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जावी तशी त्यांची गती होती, एवढेच आपण म्हटले, असा खुलासा त्यांनी १९५० साली केला. लष्कराला दिलेल्या त्यांच्या रेखाटनातली आकृती पूर्ण वाटोळी नाहीच. पुढे गोलाकार, मागे निमुळती. वृत्तपत्रांनी मात्र गतीची उपमा आकाराला चिकटवली, आणि थोड्याच दिवसांत गावोगावच्या लोकांना बशाच दिसू लागल्या! भाषेचा अभ्यासक म्हणून मला त्या वस्तूंहून हेच नवल मोठे वाटते. मराठीने ‘बशी’ही टाळून ‘उडती तबकडी’ म्हटले. त्यात पाण्यावरचा टप्पा पार हरवला. उरला केवळ चपटा, वाटोळा आकार.