उंबराचं फूल, अंजिराची फांदी

आज आम्ही तुमच्याशी बोलणार आहोत अंजिराच्या इतिहासाबद्दल. हा इतिहास राजेरजवाड्यांचा नाही, एका वीतभर फांदीचा आहे.

कधीच न दिसणाऱ्या गोष्टीला आपण 'उंबराचं फूल' म्हणतो. खरं तर ते फूल असतं, पण फळाच्या आत. पिकलेलं उंबर फोडलं की बारीक किडे दिसतात. असलेच किडे आतल्या फुलांना पराग पोचवतात. अंजीर उंबराच्याच कुळातलं. पण आपल्या पुणे अंजिराला किड्याची गरज लागत नाही. फळ तसंच धरतं, तसंच पिकतं. त्यामुळे बी पोकळ राहतं, ते पेरून रोप येत नाही. कुणीतरी फांदी कापून मातीत लावली, तरच पुढचं झाड.

ही रीत किती जुनी? यार्देन नदीच्या खोऱ्यात, जेरिको शहराजवळ गिलगाल नावाची जुनी वस्ती सापडली. तिथल्या एका घरात जळून कोळसा झालेली नऊ छोटी अंजिरं मिळाली, सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची. ती बिनबियांच्या जातीची होती, म्हणजे माणसांनी फांद्या लावूनच ती वाढवली असणार, असं संशोधकांनी २००६ मध्ये मांडलं. काही अभ्यासकांना ते पटत नाही. पण ते खरं असेल, तर माणसानं धान्य पेरण्याच्याही आधी अंजिराची फांदी लावली.

आता दुसरी गोष्ट. तुर्कस्तानातल्या स्मर्ना भागाचं अंजीर सुकवण्यासाठी जगात नावाजलेलं. १८८० नंतरच्या काळात त्याच्या हजारो फांद्या अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात नेल्या. झाडं जोमानं वाढली, पण फळं कच्चीच गळून पडायची. या जातीला किडा लागतो. तुर्कस्तानातले शेतकरी किडे असलेली रानअंजिरं आपल्या झाडांना टांगत. अमेरिकेत कित्येकांनी ही अंधश्रद्धा म्हणून हसण्यावारी नेली. शेवटी १८९९ मध्ये तो किडा तिथे रुजला, तेव्हा कुठे फळं टिकली. फांदी समुद्रापार गेली होती. गावाकडचं शहाणपण मागे राहिलं होतं.

आपल्याकडे 'अंजीर' हा शब्द फारसीतून आला. दौलताबादचं अंजीर नावाजलेलं होतं. 'दिनकर' हा सुधारित वाण त्याच्यातूनच निवडला. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात दिवे, सोनोरी अशा गावांनी अंजीर जपलं. पावसाळ्यातलं फळ म्हणजे खट्टा बहार, उन्हाळ्यातलं मीठा बहार. तालुक्यात जाधववाडीला अंजिराचं संशोधन केंद्र आहे. २०१६ मध्ये पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकनानं नाव जपलं जातं. झाड मात्र कागदावर जगत नाही. विहीर आटली, तांबेऱ्यानं पानं झडली, वाटणीत बाग तुटली, की जुनं झाड जातं. त्याची फांदी कुठेच लावलेली नसेल, तर ती चव कायमची गेली.

मग आपण काय करायचं? आपल्या परड्यात, बांधावर, माहेरच्या विहिरीजवळ जुनं चांगलं झाड असेल, तर छाटणीच्या वेळी पेन्सिलीएवढी जाड, पक्व फांदी घ्यायची. वीतभर लांब, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्यायचा. निचऱ्याच्या मातीनं भरलेल्या पिशवीत फांदीचा निम्म्याहून जास्त भाग पुरायचा, डोळे वरच्या बाजूला. सावलीत ठेवायचं, माती ओलसर असावी, पण चिखल नको. पालवी फुटली म्हणजे मुळं धरलीच असं समजू नका. रोप उपटून बघू नका. पावसाळ्यात गुटी कलमही करता येतं. चीक अंगाला लागला तर खाज सुटते, म्हणून हात झाकून काम करा.

एक गोष्ट विसरू नका. चवीबरोबर रोगही फांदीतून जातो. पानांवर पिवळे चट्टे आणि वेडीवाकडी वाढ दाखवणारं झाड कितीही गोड असलं, तरी त्याची फांदी नको.

आणि फांदी देताना माहितीही द्या. कुणाच्या बागेतली, कोणत्या बहाराला गोड, पाणी किती, हे चार शब्द पिशवीवर आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. कर्जाचा हप्ता आपण जसा न चुकता लिहितो, तसंच. एका घरातलं झाड एका दुष्काळात जातं. तेच दहा अंगणांत लावलेलं असेल, तर एखाद्या तरी घरी फांदी मागायला जाता येतं.

येत्या छाटणीला कापलेल्या फांद्या चुलीत घालण्याआधी त्यातल्या दोन बाजूला काढा. एक आपल्या दारात लावा, एक शेजारणीला द्या.