दुसरं नाव कोणाचं? जकार्ता, डिसेंबर २००७

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना माझ्या तोंडात दर दोन वाक्यांनी येणारं 'म्हणजे कसंय ना' तेवढं काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच आहे.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, युरोपात ते युरोव्हिजन असतं, प्रत्येक देश टीव्हीवर स्पर्धा घेऊन आपलं गाणं निवडतो आणि मग देशादेशांची लढत होते, तसं आपल्याकडे कधी झालंच नाही का? अगदी तसं नाही झालं. पण त्याच्या जवळ जाणारं एकदा झालं. त्यात भारताकडून गेलेला गायक मराठी होता, आणि धुळ्यातल्या देवपूरमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरातून त्यात एक मत गेलं होतं. एकच. म्हणजे एका मेसेजमध्ये दोन नावं. आजचा भाग त्या दोन नावांचा आहे.

आधी २००५ मध्ये जाऊ. इंडियन आयडॉलचा पहिला सीझन ऑक्टोबर २००४ मध्ये सोनीवर सुरू झाला. अनु मलिक, सोनू निगम आणि फराह खान परीक्षक. ५ मार्च २००५ ला मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला, दुसरा अमित साना. राहुल वैद्य तिसरा. तेव्हा मी सात-आठ वर्षांचा. गाणं वगैरे काय कळणार, पण घरात टीव्हीसमोर जी माणसं बसायची त्यांचे चेहरे आठवतात. आजी म्हणायची, "आपला पोऱ्या शे तो." मुंबईचा मुलगा, आमचा ना नातेवाईक ना गाववाला. पण सावंत आडनाव, मराठी बोलणारा, साध्या घरातला. खान्देशातलं कोणी त्या स्टेजवर नव्हतं, म्हणून मग जो त्यातल्या त्यात जवळचा, तो आपला.

त्या वर्षांत मत द्यायचं म्हणजे एसएमएस. एका फोनवरून कितीही मतं द्या, अडवणारं कोणी नाही, फक्त साध्या मेसेजपेक्षा पैसे जास्त कापले जायचे. म्हणजे खरी मर्यादा बॅलन्सची. आणि आमच्याकडे अजून एक मर्यादा होती, भारनियमनाची. अमळनेर तालुक्यातल्या मामाच्या गावात तेव्हा दिवसातले कित्येक तास लाइट नसायची. कार्यक्रम बघायलाच मिळायचा नाही तर मत कसलं देणार? मामा शहरात कोणाकडे तरी आला की मगच त्याला कळायचं कोण आत आहे आणि कोण बाहेर गेलं.

या पद्धतीचं टोक दिसलं ते तिसऱ्या सीझनला, सप्टेंबर २००७ मध्ये. कोलकाता पोलिसातला शिपाई, दार्जिलिंगचा प्रशांत तमांग जिंकला. समोर शिलाँगचा अमित पॉल. शेवटच्या फेरीत सुमारे ७ कोटी मतं पडल्याचं जाहीर झालं. दार्जिलिंगच्या डोंगरात लोकांनी वर्गण्या काढून, बूथ लावून मेसेज पाठवले. पुढे त्या निकालावरून सिलिगुडीत दंगल झाली आणि गोरखालँडच्या राजकारणाने वळण घेतलं, पण तो स्वतंत्र भागाचा विषय आहे, आज नको. आपल्याला एवढंच घ्यायचंय की एक नाव आणि कितीही मतं, असा नियम असला की ज्याची माणसं जास्त जिद्दीची, तो जिंकतो.

आता डिसेंबर २००७. आशियातल्या सहा आयडॉल कार्यक्रमांनी मिळून 'एशियन आयडॉल' भरवलं, इंडोनेशियाची राजधानी जकार्ता इथे. १५ तारखेला, शनिवारी गाणी आणि रविवारी निकाल. इंडोनेशियाचा माइक मोहेदे, मलेशियाची जॅकलिन व्हिक्टर, फिलिपिन्सची माऊ मार्सेलो, व्हिएतनामची फुओंग वी, सिंगापूरचा हादी मिर्झा आणि भारताचा अभिजीत सावंत. तोवर आपल्याकडे तीन विजेते झाले होते, अभिजीत, बिकानेरचा संदीप आचार्य आणि प्रशांत तमांग. त्यातला पहिला गेला. २००५ मध्ये लोकांनी 'आपला पोऱ्या' म्हणून निवडलेला गायक अडीच-पावणेतीन वर्षांनी अख्ख्या देशाचा म्हणून उभा राहिला.

आणि इथे तो नियम आला. मत ग्राह्य धरायचं तर एका मेसेजमध्ये दोन वेगवेगळी नावं हवीत. एकच नाव पाठवलं तर मत बाद.

त्या शनिवारी मामा एका लग्नासाठी धुळ्याला आलेला. तो विकास सोसायटीच्या निवडणुकीत मुरलेला माणूस. सोसायटीच्या मतपत्रिकेवर कितीतरी जागा असतात, पण पॅनलमध्ये आपला एकच उमेदवार असेल तर कार्यकर्ते हळूच सांगतात, एकट्यालाच शिक्का मारा, बाकी कोरं सोडा. कारण तुमचंच दुसरं मत तुमच्या माणसाच्या अंगावर येऊ शकतं. मामाला हे पाठ. टीव्हीवर नियम ऐकल्यावर तो वडिलांना म्हणाला, "भाऊजी, हे तर कोरं सोडूच देत नाहीत." मग माझ्याकडे वळून, "भाचा, दुसरं नाव कोन्हं टाकू?"

गेल्या वर्षी मी हे गणित सहज मांडून बघितलं. समजा सहा देश, प्रत्येकाचे १०० मतदार आणि सगळ्यांचं वजन सारखं. प्रत्येक जण पहिलं नाव आपल्या देशाचं टाकणार. झाले, सहाही जणांना १००-१००. म्हणजे पहिल्या नावाने काहीच ठरलं नाही! उरली ६०० दुसरी नावं, निकाल सगळा त्यांच्यावर. आणि दुसरं नाव देताना माणूस काय विचार करतो? एक तर शेजारचा, भाषा कळते असा निवडतो. नाही तर ज्याची भीती वाटत नाही असा.

हादी मिर्झा या दोन्हीत बसत होता. सिंगापूरमधल्या मलय समाजाचा, आणि मलय व इंडोनेशियाची भाषा एकमेकींच्या इतक्या जवळच्या की एकाचं गाणं दुसऱ्याला कळतं. शिवाय देश किती छोटा! तेव्हा सिंगापूरची लोकसंख्या होती ४५ लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या एकट्या जळगाव जिल्ह्याची ४२ लाख भरली. जळगाव जिल्ह्याएवढा देश भारताला आणि इंडोनेशियाला काय हरवणार, असंच कोणालाही वाटलं असतं.

हादी मिर्झा जिंकला.

त्याला कमी लेखायचं नाही, माणूस छान गातो. जॅकलिन व्हिक्टरचा आवाज मला अजूनही त्या सहांत सर्वांत मोठा वाटतो, पण ते माझं मत. माझा मुद्दा एवढाच की त्या दिवशी लोक गाणं निवडत होते आणि त्याचबरोबर, आपल्याला न कळता, कोणापासून धोका नाही तेही निवडत होते.

नियम करणाऱ्यांना हा पेच नवा नव्हता. २४ मे १९५६ ला स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत पहिलं युरोव्हिजन झालं, सात देश आणि प्रत्येकाची दोन गाणी. तेव्हा परीक्षकांना स्वतःच्याच देशाला गुण देता येत होते आणि मतदान गुप्त होतं. यजमान स्वित्झर्लंडच जिंकलं. सविस्तर गुण कधीच बाहेर आले नाहीत. पुढच्या वर्षीपासून स्वतःच्या देशाला मत बंद. आयडॉलवाल्यांनीही २००३ च्या अखेरीस लंडनमध्ये 'वर्ल्ड आयडॉल' केलं, तेव्हा तोच धडा घेतला. घरच्या गायकाला आपोआप १२ गुण आणि प्रेक्षकांनी मत द्यायचं ते फक्त बाकीच्यांना. तिथे नॉर्वेचा कर्ट निल्सन जिंकला, पेशाने प्लंबर, आणि अमेरिकेची केली क्लार्कसन दुसरी आली. भारत त्यात नव्हता, आपलं इंडियन आयडॉलच तेव्हा सुरू व्हायचं होतं.

जकार्तावाल्यांनी मधला रस्ता काढला. आपल्याला मत द्या, पण सोबत दुसऱ्यालाही द्या. कागदावर किती गोड वाटतं. नाशिक विभागाच्या पदवीधर निवडणुकीत जळगाव-धुळ्याची आपण मंडळी १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो, तेव्हा दुसरी पसंती देणं सक्तीचं नसतं, आणि पहिल्या पसंतीच्या उमेदवाराचा हिशेब संपल्यावरच ती मोजायला घेतात. जकार्तात दोन्ही नावांचं वजन सारखं. माझ्या कामात कोणी असा कोड लिहून आणला असता तर मी रिव्ह्यूमध्ये नक्की अडवला असता, की पहिलं आणि दुसरं यात फरकच ठेवला नाहीस तर क्रम विचारतोस कशाला.

तर मामाचा प्रश्न. मी दहा वर्षांचा, शाळेच्या नकाशात सिंगापूर म्हणजे एक टिंब. मी म्हटलं, सिंगापूर टाक. मामा म्हणाला, चालंल, टिंब काय करणार आपलं. वडिलांच्या नोकियावर त्याने एकेक अक्षर दाबत मेसेज लिहिला, अभिजीत आणि हादी, आणि पाठवून दिला. रविवारी निकाल लागला तेव्हा आमच्याकडे लाइट होती. मामा काही बोलला नाही, फक्त फोनमध्ये जाऊन तो मेसेज पुन्हा उघडून बघितला.

एशियन आयडॉल पुन्हा कधी भरलं नाही. अभिजीत सावंत २०२४ मध्ये बिग बॉस मराठीच्या पाचव्या सीझनला दिसला आणि सूरज चव्हाणच्या मागे उपविजेता ठरला. तेव्हा मतं ॲपवर होती. मामाने आता स्मार्टफोन घेतलाय. शेवटच्या आठवड्यात त्याचा मला पुण्याला फोन आला, ॲप कसं उतरवायचं विचारायला. सगळं नीट समजून घेतल्यावर त्याने शेवटी विचारलं, यात एकच नाव चालतं ना?