पाणीवाली बाई

सोसायटीतल्या जुन्या मंडळींना सुरुवातीचे टँकरचे दिवस आठवत असतील. जिन्यापर्यंत बादल्यांची रांग आणि त्या रांगेत झालेल्या ओळखी! तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी हमखास म्हणायच्या, "अरे, मृणालताईंना सांगा कुणीतरी!" ताई तोवर निवडणुकांपासून दूर झाल्या होत्या, पण पाणी म्हटलं की तेच नाव तोंडात यायचं. आमच्या मुलांना ते ठाऊक नाही, म्हणून हे चार शब्द.

मृणाल गोरे, माहेरच्या मोहिले. जन्म १९२८चा. डॉक्टरकीचं शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या समाजवादी चळवळीत आल्या. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न झालं आणि संसार गोरेगावात मांडला. १९५८मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहान मुलगी, वय जेमतेम तीस. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६१मध्ये, त्या महापालिकेत निवडून आल्या.

गोरेगाव १९५७ साली मुंबई महापालिकेत आलं होतं. वस्ती भराभर वाढत होती, नळ मात्र तितके नव्हते. बायकांनी रिकामे हंडे घेऊन मोर्चे काढले, पुढे ताई. तिथून 'पाणीवाली बाई' हे नाव पडलं ते कायमचं.

१९७२मध्ये त्या आमदार झाल्या. त्याच सुमारास महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे निघाले. ताई समाजवादी आणि अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट, तरी रॉकेल-तेलाच्या प्रश्नावर दोघी एकत्र. (आपल्याकडे वार्षिक सभेत पार्किंगवरसुद्धा एकमत होत नाही!) आणीबाणीत भूमिगत राहणं, मग तुरुंग, आणि १९७७मध्ये लोकसभा. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही तेव्हाची घोषणा आमच्या पिढीला पाठ आहे.

पण आमदार म्हणून त्यांचं खरं मोठं काम पुढचं, असं मला वाटतं. १९८५मध्ये त्या पुन्हा विधानसभेत गेल्या, काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. गर्भाचं लिंग तपासून मुलगी नको म्हणणाऱ्यांची तेव्हा सर्रास सोय होत होती. ताईंनी १९८६मध्ये त्याविरुद्ध अशासकीय विधेयक मांडलं. विरोधी बाकावरचं असं विधेयक मंजूर होणं अवघडच. पण बाहेर महिला संघटनांनी रान उठवलं होतं, आणि अखेर सरकारलाच कायदा आणावा लागला. १९८८चा महाराष्ट्राचा तो कायदा देशातला पहिला. केंद्राचा कायदा १९९४मध्ये झाला.

दिंडोशीला नागरी निवारा परिषदेच्या इमारती आहेत. कमाल जमीन धारणा कायद्याखालची जादा जमीन बिल्डरांना न जाता सामान्यांच्या घरांना मिळावी, म्हणून ताई आणि बाबूराव सामंतांनी वर्षानुवर्षं झगडून हजारो कुटुंबांना घरं मिळवून दिली. तीही सहकारी तत्त्वावर, आपल्यासारखीच.

२०१२च्या जुलैत ताई गेल्या. गेल्या महिन्यात सुनेबरोबर सोनोग्राफीला गेलो होतो. भिंतीवर पाटी होती : येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. नंबर येईपर्यंत ती तीनदा वाचली आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी आठवल्या.