गढीचे दोन पत्ते : साहससंहितेच्या स्थलांतराविषयी

रूपांतर या व्यवहाराची मराठीतील चर्चा प्रामुख्याने नाटकाच्या अनुषंगाने झालेली आहे. देवलांच्या ‘झुंझारराव’मध्ये (१८९०) ‘ऑथेल्लो’ एतद्देशीय झाले तेव्हा नावे, स्थळे आणि रीतिरिवाज बदलले. संशयाचे बीज कोणी पेरले आणि ते कोणाच्या मनात रुजले, हा कार्यकारणाचा धागा मात्र शाबूत राहिला. बदलता येण्याजोगे स्थळ आणि टिकवून धरावयाची कृती ही विभागणी रूपांतराच्या विचारात इतकी अंगवळणी पडली आहे की, ती स्वयंसिद्ध वाटावी. परंतु ज्या संहितेत नायकाची कृती लिहिलेलीच नसते, तेथे या विभागणीचे काय होते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाबरोबर अमेरिकेत रूढ झालेली साहससंहिता ही नेमकी अशी संहिता आहे. खेळाच्या बाजारात तिला ‘मॉड्यूल’ म्हणतात. या खेळात एक जण सूत्रधार होतो. उरलेले एकेका पात्राची भूमिका घेऊन बोलतात, निर्णय घेतात, फासे टाकतात. संहितेत नकाशा असतो, खोल्यांची क्रमांकवार वर्णने असतात, तेथील रहिवासी, त्यांचे हेतू आणि त्यांची संपत्ती असते. नायक नसतात, ते खेळाच्या वेळी बाहेरून येतात. म्हणजे नाटकाच्या रूपांतरात जे ‘केवळ स्थळ’ म्हणून सहज बदलले जाते, तेच येथे जवळजवळ संपूर्ण संहिता असते. एका कल्पित विश्वासाठी छापलेले साहस दुसऱ्या विश्वात नेणे हे त्यामुळे वेषांतराइतके सोपे काम कधीच नव्हते. ते पुष्कळदा वेषांतरासारखे उरकले गेले, हा भाग वेगळा.

इतिहासक्रमाकडे पाहिले तर एक विपर्यास प्रथमच लक्षात येतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावच्या टीएसआर कंपनीने १९७४ मध्ये तीन लहान पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध केला, तेव्हा तयार साहसे विकण्याची कल्पनाच कर्त्यांना परकी होती. खेळणाऱ्यांच्या वतीने कल्पना दुसऱ्याने का करावी, असा त्या पुस्तिकांच्या समारोपाचा सूर आहे. १९७५ मध्ये आर्नसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या पुरवणीत एक साहस छापले गेले. टीएसआरची स्वतंत्र साहसे मात्र १९७८ मध्ये आली, आणि त्यांतील पहिली खेळसंमेलनातील स्पर्धेसाठी वापरलेली होती. स्पर्धेत प्रत्येक गटापुढे तेच अडथळे असावे लागतात. मौखिक आणि क्षणजीवी असलेल्या या प्रकाराला स्थिर संहिता मिळाली ती अशा व्यावहारिक गरजेतून. कोणा कर्त्याच्या आत्माविष्काराच्या ओढीतून नव्हे.

माइक कार यांचे ‘इन सर्च ऑफ द अननोन’ (१९७९) हे नवशिक्या सूत्रधारांसाठीचे साहस संहितामीमांसकाने आवर्जून पाहावे असे आहे. त्यात खोल्यांची वर्णने आहेत. पण त्या खोलीत कोणता प्राणी आहे आणि कोणता खजिना कोठे आहे, यासाठी छापील पानावर मोकळ्या ओळी सोडलेल्या आहेत. वोल्फगांग इझर यांनी वाचनप्रक्रियेच्या विवेचनात ज्या रिक्त जागांची चर्चा केली, त्या वाचकाच्या मनात भरल्या जातात आणि त्यांच्यावर संहितेचे नियंत्रण राहते. येथे रिक्त जागा कागदावर आहे आणि ती पेन्सिलीने भरावयाची आहे. एकदा भरली की दुसऱ्या कोणाच्याही प्रतीशी ती प्रत जुळत नाही. ‘मूळ संहिता’ या कल्पनेला इतका उघड छेद देणारे मुद्रित पुस्तक त्या काळात दुसरीकडे सहजी सापडणार नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस आलेले गायगॅक्स यांचे ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ वरवर पाहता अधिक भरलेले आहे. राज्याच्या सीमेवर एक गढी आहे; जवळच्या दरीत ‘अराजकाच्या गुहा’ आहेत; गुहांत कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन इत्यादींच्या टोळ्या राहतात. गढीत किल्लेदार आहे, पुजारी आहे, लोहार आहे, खानावळवाला आहे. पण यांपैकी कोणालाही नाव नाही. राज्यालाही नाही. मराठी व्रतकहाण्यांतील आटपाट नगराला जसा नकाशा नसतो, तशी ही गढी. फरक असा की, आटपाट नगर कोठे आहे हे श्रोत्याने विचारावयाचेच नसते, तर या गढीला पत्ता देण्याची जबाबदारी सूत्रधारावर टाकलेली आहे. पुढे प्रकाशकांनीही ती पार पाडली, आणि दोनदा. गढीला एक जागा मिळाली करामाइकोस या कल्पित डचीत, तर १९९९ मध्ये तिच्या पुनर्भेटीचे साहस प्रसिद्ध झाले तेव्हा दुसरी मिळाली ग्रेहॉक या विश्वात. दोन्ही पत्ते अधिकृत आहेत. यांतील मूळ कोणता, या प्रश्नाला अर्थ उरत नाही, कारण मुळात पत्ताच नव्हता.

याच्या अगदी उलट प्रकृतीचे उदाहरण १९७९ मधीलच, गायगॅक्स यांचे ‘द व्हिलेज ऑफ होमलेट’. येथे घराघराची नोंद आहे. जुन्या पंथाचा ड्रुइड आणि संत कथबर्टचा पुरोहित एकाच गावात नांदतात. दोन सज्जन साहसवीर गावाच्या रक्षणासाठी किल्ला बांधत आहेत. आणि गावातील दुकान चालवणारे दोन व्यापारी दुष्टांचे हेर आहेत. गाव ग्रेहॉकमधले, पण ग्रेहॉकचे नकाशांसह समग्र वर्णन प्रसिद्ध झाले ते १९८० मध्ये, म्हणजे गावानंतर. साहस विश्वातून निघाले असे म्हणण्यापेक्षा विश्व साहसांच्या बेरजेतून उभे राहिले, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. १९८५ मध्ये फ्रँक मेंट्झर यांच्या सहकार्याने हे गाव ‘द टेंपल ऑफ एलेमेंटल ईव्हिल’ या १२८ पृष्ठांच्या ग्रंथात समाविष्ट झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस गायगॅक्स यांनी कंपनीवरील नियंत्रण गमावले आणि ज्या विश्वाची वीट न् वीट त्यांनी रचली होती ते दुसऱ्यांच्या मालकीचे राहिले. ‘विश्व’ ही सौंदर्यशास्त्रीय कोटी आहे तशीच ती स्थावर मालमत्ताही आहे, याचे भान साहससंहितेच्या अभ्यासकाला ठेवावे लागते.

यानंतर विश्वे वाढत गेली: १९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’चे क्रिन, १९८७ मध्ये ‘फरगॉटन रेल्म्स’, १९९१ मध्ये ‘डार्क सन’चे ॲथास. प्रत्येक नव्या विश्वाची ओळख त्यात काय आहे यापेक्षा काय नाही यावरून अधिक ठरते. स्थलांतराचा प्रश्न खरा उभा राहतो तो येथे.

होमलेट क्रिनमध्ये नेले तर काय होईल, हे पाहू. क्रिनवर महाप्रलयानंतर सुमारे साडेतीनशे वर्षे देव मौन आहेत. त्यांच्या कृपेने जखमा बऱ्या करणारा खरा पुरोहित त्या काळात नाही. संत कथबर्टऐवजी क्रिनच्या एखाद्या देवतेचे नाव घातले की काम झाले, असे वरवर वाटते. पण होमलेटमधील पुरोहिताचे वजन त्याच्या प्रार्थनेला उत्तर मिळते या वस्तुस्थितीवर उभे आहे. उत्तर मिळत नसेल तर तो एक तर ढोंगी ठरतो, नाही तर व्यर्थ श्रद्धेचा दुःखी माणूस. दोन पंथांच्या शांत सहजीवनाच्या जागी एक पोकळी येते. हेरांना गावात शिरकाव करणे मग किती सोपे जावे! एक नाम बदलताच कथानकाचा तोल सरकतो.

ॲथासमध्ये हे अधिक तीव्रतेने घडते. त्या वाळवंटी जगात देव नाहीत. पुरोहित पंचमहाभूतांपैकी पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचेच उपासक असतात. म्हणजे ग्रेहॉकमध्ये जे पाखंड, ते ॲथासमध्ये रूढ धर्म. ‘महाभूतांच्या दुष्टतेचे मंदिर’ ही कल्पनाच तेथे नव्याने रचावी लागते: जलपंथ दुष्ट का? ज्या जगात पाणी रक्तापेक्षा महाग, तेथे पाणी देऊ करणारा पंथ लोकांना तारकच वाटेल. खजिन्याचेही तेच. खेळाच्या आरंभीच्या आवृत्त्यांत सोन्याच्या प्रत्येक नाण्यामागे पात्राला अनुभवाचा एक गुण मिळे. तळघरात किती सोने आहे यावर कथेची गती अवलंबून असे. क्रिनमध्ये नाणे पोलादाचे, ॲथासमध्ये धातू दुर्मीळ आणि नाणे मातीचे. मूळ संहितेतील सोन्याचा ढीग तसाच ठेवला तर ॲथासमधील सूत्रधाराने खेळाडूंच्या हाती एक राज्यच दिले असे होईल. संख्या तीच राहिली तरी चिन्हाचे मूल्य त्याच्या व्यूहातील स्थानावर ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत येथे हिशेबाच्या वहीत प्रत्ययास येतो.

प्रकाशकांनी या प्रश्नाची दखल घेतली ती २०१५ च्या ‘प्रिन्सेस ऑफ द अपोकॅलिप्स’मध्ये. टीएसआर १९९७ मध्येच विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे गेली होती. या ग्रंथात महाभूतांचे चार पंथ फरगॉटन रेल्म्समधील डेसारिन खोऱ्यात आणलेले आहेत, आणि शेवटी हेच साहस ॲथास, क्रिन, एबेरॉन व ग्रेहॉक येथे कसे न्यावे याविषयी एक परिशिष्ट आहे. परिशिष्टे उपयुक्त असतात. परंतु या गावासाठी ते गाव, या देवतेसाठी ती देवता, अशा अदलाबदलीकडे त्यांचा ओढा राहतो. त्या ग्रंथाने केलेले खरे रूपांतर परिशिष्टात नसून रेड लार्च या गावाच्या वर्णनात आहे. होमलेटमध्ये कीड बाहेरून आली होती: हेर व्यापारी उपरे होते आणि ते सापडले की गाव निर्मळ होई. रेड लार्चमध्ये गावातीलच काही प्रतिष्ठित मंडळी भूमीखालच्या हलत्या शिळांना दैवी संकेत मानून गुप्तपणे त्यांची जपणूक करीत आली आहेत, आणि भूपंथाचा एक पुरोहित त्यांच्या या भाबडेपणाचा लाभ उठवतो. सभ्य चेहऱ्यामागचे रहस्य हे कार्य कायम राहिले, पण दोष हेरगिरीकडून श्रद्धेकडे आला. हेर मारता येतो, शेजाऱ्याच्या श्रद्धेचे काय करावयाचे? एरवी विस्कळीत असलेल्या या ग्रंथातील हा बदल मूळाहून सरस आहे.

स्थलांतराची सर्वांत कठीण परीक्षा मात्र सीमेवरील गढीचीच होते. गढीच्या रचनेत अमेरिकन सरहद्दीची छाया स्पष्ट दिसते: तटबंदीच्या आत कायदा आणि बाहेर रान, त्या रानात राहणाऱ्यांचे निर्मूलन म्हणजे प्रगती. फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी सरहद्दीला अमेरिकन इतिहासाची जननी ठरवणारा आपला प्रबंध १८९३ मध्ये शिकागोत वाचला. ते मूळचे विस्कॉन्सिनचेच. प्रभावाचा दावा करण्याची गरज नाही. ती कल्पना तेथील हवेतच होती. गायगॅक्स यांच्या संहितेची एक प्रामाणिक बाजू अशी की, गुहांतील टोळ्यांत स्त्रिया आणि मुले आहेत याची ती नोंद करते, आणि टोळ्यांमधील वैर-मैत्रीचा उपयोग करून घेता येईल असेही सुचवते. ज्यांना राजकारण आहे ते निव्वळ पशू कसे? संहितेने हा प्रश्न जन्माला घातला आणि उत्तर न देता सोडून दिला.

कीथ बेकर यांच्या एबेरॉनमध्ये (२००४) तो टाळताच येत नाही. त्या विश्वात गॉब्लिनवंशीयांचे धाकानी साम्राज्य मानवांच्या आगमनाआधी खोर्व्हेर खंडावर नांदत होते. ऑर्क ड्रुइडांनी परलोकातून आलेल्या आक्रमकांना थोपवून जग वाचवले. मानव नंतर समुद्रापलीकडून आले. गढी या खंडावर उभी करताच तिच्या भिंती वसाहतवाद्यांच्या होतात आणि दरीतील गुहा अवशिष्ट मूलनिवासींच्या. नकाशा तोच, खोल्यांचे क्रमांक तेच, रक्षकांची संख्याही तीच. सूत्रधाराला आता किल्लेदाराला नाव द्यावे लागते, कारण त्याने ही जमीन कोणाच्या आज्ञेने घेतली हे खेळाडू विचारतील. गॉब्लिनांच्या प्रमुखालाही नाव द्यावे लागते, आणि त्याच्या गुहेतील मुलांनाही. त्यासाठी छापील पानावर कोणी मोकळी ओळ ठेवलेली नाही.