इसब म्हणजेच एक्झिमा: कारणे, लक्षणे आणि बांधावरचे गाजर गवत

एक्झिमाला मराठीत इसब म्हणतात. त्वचा लाल होते, खूप खाज सुटते, बारीक पुरळ येतात, कधी त्यातून पाणी येऊन खपली धरते. सतत खाजवल्याने तीच जागा पुढे जाड, काळपट आणि भेगाळलेली होते. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे रुग्णाचे ताट-टॉवेल वेगळे करण्याची गरज नाही.

काहींची त्वचा जन्मतःच कोरडी व नाजूक असते. अशा घरात बहुधा कुणाला तरी दमा किंवा अ‍ॅलर्जी असते. तान्ह्या बाळांना गालांवर, मोठ्या मुलांना कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत चट्टे येतात. दुसऱ्या प्रकारचा इसब स्पर्शाने होतो: सिमेंट, केसांचा कलप, नकली दागिन्यांतले निकेल.

यवतमाळसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात या दुसऱ्या प्रकाराचे एक कारण बांधावरच उभे असते. ते म्हणजे गाजर गवत, अर्थात काँग्रेस गवत. मूळचे अमेरिका खंडातले हे तण भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची अ‍ॅलर्जी होते, तीही वर्षानुवर्षे संपर्क आल्यावर. म्हणून "इतकी वर्षं निंदण केलं, तेव्हा काही झालं नाही" हा युक्तिवाद इथे चालत नाही. गवताला हात लावलाच पाहिजे असेही नाही. वाळलेल्या गवताची भुकटी हवेतून येते आणि चेहरा, पापण्या, मान, कोपराची खोबण अशा जागी बसते. पुढे काहींना उन्हाचाही त्रास होऊ लागतो. गवत फुलोऱ्यावर येण्याआधी, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून उपटावे. ज्याला आधीच त्रास आहे त्याने ते काम दुसऱ्याकडे द्यावे.

खरा घोटाळा मलमाने होतो. गजकर्ण बुरशीमुळे होतो, त्याची कडा गोल व उठावदार असते आणि तो पसरतो. त्यावर स्टेरॉइडचे मलम लावले तर खाज थांबते, पण बुरशी वाढते. इसबावर हेच मलम उपयोगी असते, मात्र किती तीव्रतेचे आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी मेडिकलमधून ती सर्रास मिळतात.

नेमके कारण शोधायला पॅच टेस्ट असते. संशयित द्रव्यांच्या पट्ट्या पाठीवर चिकटवून साधारण ४८ तासांनी काढतात आणि त्वचा कुठे लाल झाली ते पाहतात. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना आधी लावलेल्या मलमाची ट्यूब सोबत न्या.