पहिले तीन महिने, काष्ठौषधी आणि ‘परंपरा’ नावाची गोष्ट

‘झाडपाल्याचंच तर आहे, त्याने काय अपाय होणार?’ नाशिकमध्ये काय किंवा कुठेही काय, दिवस राहिल्याचं कळलं की हे वाक्य घरात कुणी ना कुणी म्हणतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरं वाक्य येतं: ‘आपल्याकडे पूर्वापार देतात.’ वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास करताना मला या दुसऱ्या वाक्याचं जास्त कुतूहल वाटतं. पूर्वापार म्हणजे कधीपासून? आणि नक्की काय देत होते?

आधी घरातलंच बघू. हिराबोळ, अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू हे सगळं आपल्याकडे प्रामुख्याने बाळंतिणीचं खाणं. गरोदर बाईला, त्यातही पहिल्या महिन्यांत, जुन्या बायका अळीव किंवा हिराबोळ देत नाहीत. म्हणजे घरगुती परंपरेलाही एक कॅलेंडर आहे. तीच वस्तू बाळंतपणानंतर चालते, आधी चालत नाही. ‘झाडपाला म्हणजे निर्धोक’ असं ही परंपरा मानतच नव्हती.

आता ग्रंथाकडे वळू. चरकसंहितेच्या शारीरस्थानातला आठवा अध्याय गर्भिणीविषयी आहे. त्यात महिन्यागणिक आहार दिलाय. पहिल्या महिन्यात साधं दूध आणि मानवेल असं जेवण, दुसऱ्यात मधुर गणातल्या वनस्पतींनी सिद्ध केलेलं दूध, तिसऱ्यात दूध, मध आणि तूप. बस्स! आजार झालाच तर उपचार सौम्य ठेवा, वमन-विरेचनासारखे तीव्र उपाय टाळा, असंही तिथे सांगितलंय. गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या भांड्यासारखं जपायचं, ही उपमा याच अध्यायातली. पहिल्या तिमाहीसाठी ग्रंथाचा भर औषधापेक्षा आहारावर आणि जपण्यावर आहे.

मग ‘पपई खाऊ नको’ हा नियम? तो सगळ्यांना चरकाइतकाच जुना वाटतो. पण पपई मूळची मध्य अमेरिकेकडची. ती भारतात आली सोळाव्या शतकात, युरोपीय जहाजांबरोबर. चरकाला पपई माहीत असणं शक्यच नाही. म्हणजे नियम तुलनेने नवा आहे, पण म्हणून तो चुकीचा ठरत नाही. सिंगापूरच्या संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात पिकलेल्या पपईचा धोका दिसला नाही, पण कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावत होतं. जुनं म्हणून खरं नाही आणि नवं म्हणून खोटंही नाही. प्रत्येक गोष्ट तपासावी लागते.

हे तपासणं का गरजेचं आहे, ते त्याच आठव्या अध्यायात दिसतं. इतकी सावधगिरी शिकवणाऱ्या या अध्यायात पुंसवनविधीही आहे: गर्भाचं लिंग ठरण्याआधी, पुष्य नक्षत्रावर, वडाचे अंकुर, उडीद आणि पांढरी मोहरी दह्यातून देऊन मुलगा व्हावा म्हणून केलेला उपाय. २०१७ मध्ये बीएएमएसच्या पाठ्यपुस्तकातल्या याच मजकुरावरून महाराष्ट्रात वाद झाला. तेव्हा आपल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं नाव बातम्यांत आलं, कारण राज्यातल्या आयुर्वेद महाविद्यालयांच्या परीक्षा हे विद्यापीठ घेतं. अभ्यासक्रम मात्र तेव्हा दिल्लीची केंद्रीय परिषद ठरवत असे.

‘इतिहास म्हणून शिकवलं तर बिघडलं काय?’ असं कुणी विचारेल. इतिहास म्हणून जरूर शिकवावं. पण गुणसूत्रांवरून लिंग ठरतं हे नेटी स्टीव्हन्स आणि एडमंड विल्सन यांनी १९०५ मध्येच दाखवलं. बीज फळतं त्याच क्षणी ते ठरतं. दिवस राहिल्यावर कुठल्याही पुडीने ते बदलत नाही. तो उपाय उपचार म्हणून शिकवला, तर प्रश्न फक्त पुस्तकापुरता राहत नाही.

याचं उदाहरण हरियाणात सापडतं. तिथे ‘मुलगा होण्याची’ देशी औषधं गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात घेतली जातात. शिवलिंगीचं बी हा त्यातला नेहमीचा घटक. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात अशी औषधं घेणं आणि बाळात जन्मजात व्यंग असणं यांचा संबंध दिसला. औषधांच्या नमुन्यांत स्त्री-संप्रेरकांसारखं काम करणारी वनस्पतिज द्रव्यंही आढळली. आणि बाळाचे मुख्य अवयव घडण्याचा काळ नेमका हाच!

चीनची तुलना इथे उपयोगी पडते. तिथल्या पारंपरिक वैद्यकातही गरोदरपणात वर्ज्य औषधांच्या याद्या होत्या, विद्यार्थी त्या पद्यात पाठ करत. आज चीनच्या अधिकृत औषधकोशात अनेक वनस्पतींपुढे ‘गरोदर स्त्रियांना मनाई’ किंवा ‘जपून वापरा’ असा शेरा असतो. जुनी सावधगिरी तिथे नियमाच्या पुस्तकात गेली.

आपल्याकडचा कायदा थोडा वेगळ्या वाटेने गेला. १९४० च्या औषध कायद्यात १९६४ मध्ये आयुर्वेदिक औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. मान्य ग्रंथांच्या यादीत चरकसंहिता आहे. ग्रंथोक्त औषध ग्रंथातल्याच उपयोगासाठी बनवलं, तर परवान्यासाठी सुरक्षिततेची नवी चाचणी सहसा मागत नाहीत. थॅलिडोमाइड १९६१ मध्ये बाजारातून काढलं गेलं आणि गरोदरपणातल्या गोळ्यांकडे बघायची जगाची नजर बदलली. पुडीकडे आपण अजून तसं बघत नाही.

मग करायचं काय? काढा, चूर्ण, गोळी काहीही घेत असाल तर पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा. वैद्यांकडे जात असाल तर दिवस राहिल्याचं, किंवा तशी शंका असल्याचं, आधी सांगा. लेबल नसलेली पुडी घेऊच नका. आधीच घेतली असेल तर लपवू नका, कारण लपवल्याने तपासणी राहून जाते. आणि कुणी ‘मुलगाच होईल’ म्हणून काही देत असेल, तर गर्भलिंग निवडीची जाहिरात हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे हे त्याला ऐकवा.

परंपरा पाळायचीच तर तिची सावधगिरीही पाळायला हवी. बाजाराने ग्रंथातलं औषध उचललं आणि काठोकाठ भरलेलं भांडं मात्र ग्रंथातच ठेवलं.