तळटीप : कोंबडीची कलेजी, बकरीची चरबी

३. चरबी : पालघर-बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या पाड्यांवर कोंबड्या आणि बकऱ्या एकाच अंगणात वाढतात, पण त्यांच्या शरीरात चरबी घडण्याची जागा वेगवेगळी. कोंबडीने टिपलेल्या दाण्यातील पिष्टाची साखर यकृतात पोचते. तिथे तिचे ॲसिटिल-कोएन्झाइम-ए बनते आणि दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत १६ कार्बनचे पामिटिक आम्ल तयार होते. अशी तीन मेदाम्ले ग्लिसरॉलला जोडली की ट्रायग्लिसराइड झाले. ते रक्तावाटे मेदपेशींकडे जाते, अंडी घालणाऱ्या कोंबडीत पिवळ्या बलकातही. बकरीच्या पोटातले सूक्ष्मजीव मात्र चाऱ्यातील साखर आधीच आंबवून ॲसिटेट करून टाकतात. त्यापासून चरबी घडवण्याचे काम मुख्यतः मेदपेशी करतात. यकृताचा वाटा अगदी थोडा. उंदरात दोन्ही अवयव हे काम करतात. भरल्या पोटी इन्सुलिन या घडणीला वेग देते, उपासात ती मंदावते. माणसात हा भार बहुतांशी यकृतावर असतो. त्यामुळे गोड ताडी असो वा आंबलेली, अतिरेक झाल्यास तिच्यातील साखर आणि मद्यार्क दोन्ही यकृतात चरबी साचायला हातभार लावतात. — संपा.